सोपान मेजरला न दिसलेला किरण

"आत व्हा म्हणतोय मी. सगळी आत व्हा. कुणीबी वर बघू नगा."

"आवं पावणं, झालं काय तुमास्नी?"

"झालं न्हाई अजून. व्हईल म्हणून सांगतोय. गुरुजी, तुमीबी चला. हातातलं ते काय हाय ते ठिवा खाली."

"एक्स-रेची फिल्म आहे ही. हिच्यातनं बघितलं तर काही होत नाही."

"आसंल. आत चला."

बोलणारा सोपान मेजर, आमच्या गावचा गिरणीवाला. आणि ज्याला तो दंडाला धरून आत ओढत होता तो त्याच्या लेकीसाठी आलेला नवरा मुलगा, धम्मपाल. त्या पोराच्या तोंडावर सोपानच्या हाताचा पंजा उठला होता. जोंधळ्याच्या पिठाचा, पांढराधोट, कपाळापासनं नाकाच्या शेंड्यापर्यंत. होणाऱ्या सासऱ्यानं होणाऱ्या जावयाच्या डोळ्यांवर भर अंगणात, पाहुण्यांच्या देखत, हात थापला होता. पोरगं बावचळून गप उभं. त्याची आई तोंडाला पदर लावून बघत राहिली. आणि वर सूर्य अर्ध्याच्या वर खाल्लेला, उन्हाला कसला तरी पितळी रंग आलेला.

पंच्याण्णव सालच्या दिवाळीतली ही सकाळ. आमचं गाव जत तालुक्यात, अगदी कर्नाटकाच्या शिवेला. गावानं ग्रहण कडक पाळलं होतं. चुली थंड, पाण्याच्या घागरींत तुळशीची पानं, पोटुशा बाया कोपऱ्यात बसवलेल्या. वरच्या आळीत धुराची रेघ नव्हती. धूर निघत होता तो एकट्या बौद्धवस्तीतनं, आणि तोही सोपानच्या घरातनं. तिथं पुऱ्या तळत होत्या.

ही सगळी करणी नानासो गुरुजींची. गुरुजी म्हणजे धम्मपालचे चुलते. पाटणकडं शाळेवर मास्तर. भाऊ लवकर वारला, पोराला यांनीच शिकवलं, कोयनेच्या वीजघरात चिकटवलं. माणूस सरळ, पण आपल्या म्हणण्याला पक्का. मुहूर्त बघायचा नाही, ग्रहण पाळायचं नाही, हे ते नुसतं भाषणात सांगत नव्हते, स्वतःच्या घरात करत होते. म्हणून साखरपुड्याला त्यांनी मुद्दाम ग्रहणाची सकाळ धरली. आदल्या दिवशीच एसटीनं मुक्कामाला आले. वंदना घ्यायची, साखर वाटायची, आणि ग्रहण लागलेलं असतानाच अंगणात पंगत बसवायची. गावाला दिसलं पाहिजे, असा बेत. सोपानलाही तो पटला होता. पुऱ्यांचं पीठ जमलं, भाकरीचं कमी पडलं, म्हणून सकाळी लाईट होती तेवढ्यात तो स्वतः गिरणी चालवून आला. त्याच्या हाताला पीठ होतं ते तिथलं.

आता हा मेजर कोण ते सांगितलं पाहिजे.

फौजेतनं आलेल्या कुणालाही आमच्याकडं मेजर म्हणतात. शिपाई असो का हवालदार, गावच्या लेखी मेजरच. सोपान रणगाड्यांच्या पलटणीत गनर होता. मुदतीच्या आधीच घरी आला, डोळे गेले म्हणून. पण डोळे गेलेत असं कुणाला वाटायचं नाही. पांढरे पडले नव्हते, काठी नव्हती, चष्मा नव्हता. रस्त्यानं सरळ चालायचा, चढउतार ओळखायचा. फक्त माणसाशी बोलताना त्याच्याकडं बघायचा नाही. तुमच्या कानाच्या पल्याड, भिंतीवर कुठंतरी नजर लावायचा आणि बोलणं मात्र तुमच्याशीच. खरी गोष्ट अशी, की त्याला कडंकडंचं दिसायचं आणि मधलं जायचं. जिथं नजर रोखील तिथं भोक. तुमचं तोंड बघायचं, तर त्याला दुसरीकडं बघावं लागायचं.

गावानं याचा आपापल्या परीनं अर्थ लावला. बायका म्हणाल्या, भिताडाशी बोलतोय. तरणी पोरं म्हणाली, मेजरला फौजेची घमेंड हाय. आणि हंबीरराव पाटील, जुन्या वळणाचा माणूस, तो एकटा खूश होता. त्याला वाटायचं सोपान नजर देत नाही ते अदबीनं. "बाकीच्यांनी रीत सोडली, पर सोपानानं न्हाई सोडली," असं चावडीवर सांगायचा. सोपानच्या कानावर हे आलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "त्येला बरं वाटतंय न्हवं, वाटू द्या. मला त्यो उपरण्यापुरताच दिसतोय."

आल्यावर त्यानं घराला लागूनच गिरणी घातली. पहिली काही वर्षं वरच्या आळीची दळणं शेजारच्या गावाला जायची. सायकलच्या मागं डबा बांधून, दोन कोस उन्हातनं. मग एका साली ओढ्यावरची फरशी वाहून गेली, आणि पोटानं सोवळं सोडलं. तेव्हापासनं सगळ्या गावाचं पीठ सोपानच्या हातचं. पिठात त्याला डोळा लागायचाच नाही. खाली येणारी धार चिमटीत धरायची आणि पेच फिरवून पीठ जाड-बारीक करायचं. झिजल्या दगडाला छिन्नीनं टाकी लावून खरबरीत करायचा तोही बोटांनी चाचपत. सुलाबाई म्हणून एक म्हातारी आहे, घरात कन्नड बोलणारी. ती म्हणायची, "सोपानाण्णा, तू माझ्या तोंडाकडं बघत न्हाईस, पर पीठ बरं देतोस. आमचा म्हातारा जलमभर तोंडाकडंच बघत बसला, त्येनं काय दिलं?"

डोळ्याला काय झालं, हे कुणी विचारलं तर सोपान एका शब्दात सांगायचा, "किरन." लोक हसायचे. त्या दिवसांत टीव्हीवर पौराणिक मालिका लागायच्या. त्यात बाणातनं उजेड निघायचा, दोन उजेड आभाळात एकमेकाला भिडायचे. पोरं गिरणीपुढनं जाताना धनुष्य ओढायची नक्कल करायची, "मेजर, सोडू का किरन?" तोही म्हणायचा, "सोड की, मला कुटं दिसतोय." पण त्यापुढं कधी बोलला नाही. बायकोला, बनाबाईला, अर्धंमुर्धं ठाऊक. लेक अक्षता तर बाप घरी आला तेव्हा शाळेतही जात नव्हती.

तर त्या सकाळी अंगणात सगळे वर बघत होते. गुरुजी एकेकाच्या हातात फिल्मचा तुकडा देत होते, पोरांना बजावत होते, "उघड्या डोळ्यांनी बघायचं नाही." ते बरोबरच सांगत होते. सोपान तोवर गप होता. दाराशी पिठाची पाटी उतरवत होता. एवढ्यात पातळ ढग आडवा आला, आणि धम्मपाल म्हणाला, "आता नुसत्या डोळ्यानं बी दिसतंय की." अक्षता उंबऱ्यात उभी होती. पोरगं तिला ऐकू जाईल असंच म्हणालं असणार. फिल्म त्यानं खाली केली. सोपान आवाजाच्या रोखानं गेला आणि हात थापला.

पुढचं सांगितलंच. त्यानं सगळी माणसं आत लोटली, पोरं, बाया, वस्तीतली जमलेली. दार ओढून घेतलं. त्यावेळी बोळाच्या तोंडाशी, आपल्या ओसरीवर ग्रहण सुटायची वाट बघत बसलेल्या हंबीररावानं हाक दिली, "सोपाना, पाळलंस की रं शेवटी गिऱ्हान." मागनं दोघातिघांचं हसू आलं.

ते हसू गुरुजींना लागलं. आत अंधार झाला होता. चुलीवर तेल तसंच तापत होतं, बनाबाईनं ते उतरवलं.

"पावणं," गुरुजी म्हणाले, "मी पाटणहून एवढ्या लांब आलो तो काय दार लावून बसायला? आपण ग्रहणाला भ्यालो, हे आता हे गाव दहा वर्षं सांगत बसेल. तुम्ही दीक्षा घेतलेल्या बापाचं पोर ना?"

"व्हय."

"मग?"

"गिऱ्हानाला भीत न्हाई मी. उजेडाला भितोय."

आणि मग त्यानं सांगितलं. दाराकडं तोंड करून, म्हणजे त्याला गुरुजी दिसत असावेत.

"आमच्या गाड्यावर गनरच्या म्होरं दुर्बीण आस्ती आन अंगठ्याखाली बटन. बटन दाबलं की किरन जातो. म्होरच्या चिजेवर आपटून म्हागारी येतो, की आकडा उमटतो, हितनं हितकं अंतर. त्येला लेझर म्हणत्यात. किरन डोळ्याला दिसत न्हाई, आवाज न्हाई, कायबी न्हाई. म्या किती बार दाबलाय. झाडावर, टेकाडावर, उंटावर. तवा वाटायचं, मोजायचंच तर हाय. टेप लावल्यागत. त्या दिवशी मी गाड्यात नव्हतो. वाळूत म्होरं टेकाडावर हुतो, निशाण नीट हुबं हाय का बघाय. हातात दुर्बीण. पलीकडनं आमचाच गाडा आला. आतल्या पोरानं बटन दाबलं. त्येला मी दिसलोच न्हाई, त्येची काय चूक न्हाई. माझ्या डोक्यात टप् झालं. हरभऱ्याचा घाटा फुटावा तसं. मग मधोमध लाल झालं, मग काळं. दुखलं न्हाई. दुखलं आस्तं तर वरडलो आस्तो. आन खाली बसलो तवापास्नं ह्ये भोक हाय. जिकडं बघंल तिकडं म्होरं जातंय."

"आणि दवाखान्यात?"

"मोठा डाक्टर म्हणला, सूर्याकडं बघितलं असशील. न्हाई म्हणलं. त्यो म्हणला, बघितलंच असशील, डाग तसलाच हाय. मागनं एक तरणा डाक्टर आला, त्यो हळूच म्हणला, दोन्हीचं डाग सारखंच दिसत्यात. म्हणून सांगतोय गुरुजी. त्या पोराचा डोळा आन माझा डोळा एकच व्हईल. त्येलाबी दुखणार न्हाई."

गुरुजींनी खिशातला रुमाल काढून धम्मपालच्या हातात दिला. पोरानं तोंड पुसलं.

"राग मानू नका," गुरुजी म्हणाले. "मी मासिकांतनं असल्या कथा वाचतो. परग्रहावरची माणसं येतात, किरण सोडतात, माणूस जागच्या जागी आंधळा. वाचायला बरं असतं. पण ते झालं कथेत. आपल्या फौजेत, आपल्या जतच्या माणसाला... मला एक खरं सांगा. तुमच्या वडलांना असं काही होतं का? चुलत्याला? मुलगी द्यायची-घ्यायची म्हणजे विचारावं लागतं."

चुलीपाशी अक्षता होती. तिनं झारा खाली ठेवला, त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"न्हाई," सोपान म्हणाला. "बा ऐंशीचा हुईस्तोवर सुईत दोरा घालत हुता."

"मग असं करू." गुरुजींचा आवाज मऊ झाला. ते वाईट माणूस नव्हते, लग्न मोडायचं त्यांच्या मनात नव्हतं. "फौजेत असताना ग्रहण बघितलं, त्यानं नजर गेली, असं सांगू. माझ्या भावकीला ते पटेल. आज तुम्ही दार का लावलंत तेही उलगडेल. कुणी रक्तातलं आहे म्हणणार नाही. वंदना घेऊ, साखर वाटू, विषय संपला."

बनाबाई पुढं झाली. "आवं, म्हणा की व्हय. काय जातंय?"

सोपाननं हातावरचं पीठ झटकलं. मग म्हणाला, "सूर्यानं केलं न्हाई, गुरुजी. माणसानं केल्यालं यंत्र हाय त्ये. मी स्वता चालवलंय. कुणाचं तरी सूर्याच्या नावावर कशापायी घालू? आन दवाखान्यानं ह्येच केलं की माझ्यासंगं. आता घरातबी त्येच करू?"

"पोरीचं लग्न आहे, पावणं."

"त्येच म्हणतोय. खोटं सांगून दिल्यावर त्या घरात ती जलमभर माझं खोटं सांभाळत बसंल."

गुरुजींनी चहा घेतला. पुऱ्याही खाल्ल्या, ग्रहणात खायच्या म्हणून ठरवलेल्या होत्या आणि ते ठरवलेलं मोडत नसत. पण वंदना झाली नाही. साखरेचा पुडा आला तसा पिशवीत परत गेला. ते निघाले तेव्हा ग्रहण सुटलं होतं, गावात आंघोळीची घाई उडाली होती, बोळातनं पाणी वाहत होतं. पाहुणे त्या पाण्यातनं चपला उचलून गेले.

गावाला विषय मिळाला. "मेजरनं जावई पिठात घोळला, तळायचा ऱ्हायला," असं कुणीतरी काढलं आणि ते फिरलं. हंबीररावानं तर सोपानला गिरणीवर येऊन शाबासकी दिली, धर्म राखलास म्हणून. सोपाननं त्याचं दळण दिलं आणि म्हणाला, "पाटील, मी तुमचा धर्म राखला न्हाई. आन तुमच्याकडं बघत न्हाई त्येबी अदबीनं न्हवं. दिसत न्हाई मला." हंबीरराव पीठ घेऊन गेला. त्यानंतर कितीतरी दिवस त्याचं दळण गड्याच्या डोक्यावर यायला लागलं.

बनाबाई बोलायची बंद झाली होती. ताट ठेवायची ते आपटून. तिचं चुकत नव्हतं. अक्षताला बारावीनंतर घरी बसून दोन वर्षं झाली होती, दुसरं स्थळ आलंच तर हीच गोष्ट पुढं येणार होती.

एके दिवशी लाईट गेलेली असताना अक्षता गिरणीत आली आणि बापापुढं बसली.

"आबा, माझं तोंड दिसतंय का तुमास्नी?"

"कडंनं दिसतं."

"सरळ बघाय ग्येल्यावर?"

"ग्येल्यावर जातंय."

"मग इतकी वर्सं सांगितलं का न्हाई? मला वाटायचं तुमी माझ्यावर रागावल्यालं आस्ता."

सोपाननं तोंड बाजूला वळवलं. "न्हाई गं," म्हणाला. "असं केलं म्हंजी बघत आस्तोय."

ती उठून त्या बाजूला जायला निघाली, मग तिच्या ध्यानात आलं आणि होती तिथंच बसली.

दिवाळी होऊन महिना उलटला असेल. सोपान दगड उतरवून टाकी लावत बसला होता. लाईट नव्हती. दळणाचे डबे रांगेत लावून बायका बाहेर लिंबाखाली. एसटीतनं गुरुजी उतरले, मागं धम्मपाल. सुलाबाईनं पोराला न्याहाळून घेतलं आणि म्हणाली, "ह्योच व्हय पिठातला? धुतल्यावर बरा दिसतोय."

गुरुजी बाकावर बसले. पाणी प्याले. तालुक्याला कामाला आलो होतो असलं काही म्हणाले नाहीत.

"पेपरात चार ओळी आल्या होत्या," ते म्हणाले. "आतल्या पानावर. व्हिएन्ना म्हणून गाव आहे, युरोपात. तिथं देशोदेशीची माणसं बसली होती. त्यांनी ठरवलं, लेझरनं माणसाला आंधळं करणारी हत्यारं वापरायची नाहीत. मी दोनदा वाचलं."

सोपानचा हात थांबला. "वापरायची न्हाईत म्हणलं?"

"हो."

"म्हंजी हाईत."

"हो. आहेत. नसती तर बंदी कशाला घातली असती." गुरुजी दगडाकडं बघत होते. "मी ज्याला गोष्ट समजत होतो ते आहे."

"माझ्यासारखं मोजायच्या किरनानं ग्येलं तर?"

"ते त्यात बसेल असं दिसत नाही. मुद्दाम आंधळं करण्यासाठी म्हणून बनवलेली हत्यारं, असं लिहिलं होतं."

"म्हंजी माझा डोळा त्यात बसत न्हाई." छिन्नीनं त्यानं दगडाचा खवला उडवला. "आन मारायचं? जिवानिशी? त्येला बंदी घातली का?"

"नाही."

"बरं."

सोपाननं बोटांनी दगडाची रेघ चाचपली, फुंकर मारली. मग गुरुजी म्हणाले, "भावकीला मी झालं तेच सांगणार आहे. ऐकतील ते ऐकतील. साखरपुडा करू, पण तुमची हरकत नसली तर."

"मला इचारू नगा. तिला इचारा."

अक्षता दारातच होती. ती गुरुजींशी बोलली नाही, धम्मपालला म्हणाली, "आबांच्या म्होरं बसा. त्येंनी तुमास्नी अजून बघितलं न्हाई. त्येंना येळ लागतो बघायला. मधी उठायचं न्हाई."

पोरगं पोत्यावर बसलं. सोपाननं छिन्नी ठेवली, हात धोतराला पुसले, आणि तोंड एकीकडं वळवून त्या पोराला बघायला लागला. आधी डाव्या अंगानं, मग उजव्या. जणू त्याच्या पल्याड भिंतीवर काही लिहिलंय. बघून घेताना त्याला घाई नव्हती. धम्मपालला घाम फुटला, पण हलला नाही.

"मामा, मी त्या दिवशी खरंच बघणार होतो," शेवटी तोच म्हणाला. "ढग आला होता म्हणून वाटलं, काय होतंय."

"म्हाईत हाय."

"तुमाला दिसलं कसं?"

"दिसलं कुटं? तूच वरडून सांगितलंस की." सोपान अजून बघतच होता. "कान बरं हाईत तुझं. नाक कायतरी हाय. हसतोयस का?"

"न्हाई."

"मग हसत जा जरा. कडंनं तेवढंच कळतं मला."

अक्षता आत वळली. बनाबाईला हाक मारून म्हणाली, "आये, च्या ठेव. साखर जादा घाल." बनाबाईनं पातेलं काढलं, ह्या वेळी आपटलं नाही.

सोपाननं धम्मपालला हाताशी घेतलं. दोघांनी मिळून वरचा दगड उचलून बसवला. पट्टा चढवला. तेवढ्यात भिंतीवरचा बल्ब लागला आणि लिंबाखालनं सुलाबाईची हाक आली, "आण्णा, आली लाईट. माझा डबा पयला हाय, कुणाला मधी घुसू देऊ नगंस."

"ठावं हाय, मावशी."

त्यानं खटका ओढला. गिरणी घरघरत उठली, आणि नव्या टाकीच्या दगडाखालनं पीठ यायला लागलं. सोपाननं पहिली मूठ बाजूला टाकली, तिच्यात दगडाची कच असते म्हणून. मग तोंड दाराकडं करून धार चिमटीत धरली, "जाड येतंय," म्हणाला, आणि पेच जरासा आवळला.